आमची वाटचाल: तपकिरीच्या नादी लागून बारा वर्षं

दिवाळी 2013. आमच्या हॉलमधल्या दिवाणावर चाळीस कुर्ते विकायला मांडले होते. त्यातले सत्तावीस खपले. उरलेल्या तेरांपैकी अकरा तपकिरी होते. मुळात तपकिरी होते बारा, आणि खपलेला एक आमच्या मोठ्या जाऊबाईंनीच घेतला होता, माझं तोंड पडलेलं बघवेना म्हणून. त्या या धंद्यात माझ्या भागीदार आहेत. हिशेब त्यांचा, कापड माझं.

हे तपकिरीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते काताच्या रंगाईमुळे. कोकणात चिपळूण-सावर्डे भागात खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून कात काढतात. विड्यात घालतो तोच कात. एका ओळखीच्या बाईंनी स्वयंपाकघरात एका पातेल्यात कात विरघळवून कोरं सुती कापड बुडवून दाखवलं. आधी फिकट चहासारखा रंग आला. पण कापड वाऱ्यावर टाकलं आणि तासाभरात तो डोळ्यांदेखत गडद होत गेला. पाण्यात चिमूटभर चुना पडला की तोच रंग लालसर होतो. विडा खाल्ल्यावर जीभ रंगते, त्याचं कारणही तेच. मोरचूद घातला तर चॉकलेटीकडे झुकतो, लोखंडाचं पाणी घातलं तर करडा पडतो. एका पातेल्यातून चार रंग! मी तिथेच ठरवलं की आपण हेच करायचं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "कर. पण घेणार कोण?"

त्यांचं खरंच होतं. पहिली चार वर्षं आम्ही तगलो ते निळ्या आणि मोरपंखी कुर्त्यांवर. तपकिरी हातात घेऊन बायका ठेवून द्यायच्या. कारणं ठरलेली: मळकं दिसतं, वय दिसतं, खाकी म्हणजे पोलिसांसारखं. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, "आम्ही सावळ्या, आम्हाला नाही शोभत." या शेवटच्या वाक्याचा मला राग यायचा, अजूनही येतो, पण गिऱ्हाइकावर रागावून काय करता! दरवर्षी एक 'वर्षाचा रंग' निवडणाऱ्या पँटोन या अमेरिकन कंपनीने मार्साला हा तांबूस तपकिरी 2015 चा रंग म्हणून जाहीर केला तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस आले. आमच्या बोळापर्यंत तो रंग काही पोचला नाही.

2017 मध्ये पुण्यात कर्वे रस्त्यालगत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. त्याच जुलैत जीएसटी आला. हजाराच्या आतल्या कपड्याला तेव्हा पाच टक्के आणि वर गेलं की बारा, म्हणून जाऊबाईंनी बहुतेक कुर्ते साडेनऊशेला बांधून टाकले. ते गणित बरोबर होतं. चुकली ती गाळ्यातली ट्यूबलाइट, आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. आधीच्या भाडेकरूने लावलेल्या सहा हजार पाचशे केल्विनच्या पांढऱ्याफटक नळ्या तशाच ठेवल्या होत्या.

एक दिवस दुपारी वीज गेली. एक शाळेतल्या बाई आमचा काताचा कुर्ता अंगाला लावून बघत होत्या, त्या तशाच दाराशी उजेडात गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर वेगळाच रंग आहे!" रंग तोच होता. निळसर उजेडात तपकिरीतला तांबूसपणा मरतो आणि त्याच्याबरोबर चेहराही राखेसारखा दिसतो. म्हणजे चार वर्षं हॉलमध्ये आणि दोन वर्षं गाळ्यात आम्ही गिऱ्हाइकाला तपकिरी दाखवत होतो ते त्याचं मढं करून. घरच्या हॉलमध्येही तसल्याच ट्यूब होत्या की! दुसऱ्या दिवशी चार हजार केल्विनचे, म्हणजे कमी निळसर उजेडाचे, दिवे आणले आणि आरसा आतल्या भिंतीवरून काढून दाराजवळ लावला. एकूण खर्च बाराशे रुपये. धंद्यात यापेक्षा स्वस्त सुधारणा मी केलेली नाही.

तिथून मी या रंगाकडे नीट बघायला लागले. इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. तपकिरी म्हणजे मुळात अंधारलेला नारिंगी. त्याच्या शेजारी काहीतरी उजळ असलं तरच तो डोळ्याला तपकिरी दिसतो. म्हणून नुसता तपकिरी कुर्ता हँगरवर मुका वाटतो आणि कोरी, साईच्या रंगाची ओढणी टाकली की बोलायला लागतो. आम्ही गळ्याला साईच्या रंगाचं पायपिंग लावायला सुरुवात केली. दोन सुतांची पट्टी, पण चेहऱ्याजवळ उजेड येतो. पांढरंशुभ्र मात्र नको. ते डिटर्जंटच्या जाहिरातीसारखं उठून दिसतं आणि काताचा रंग त्यापुढे खरोखरच मळका वाटतो.

सावळेपणाचा मुद्दाही इथेच सुटला. अडचण सावळ्या रंगाची नसते, कापड आणि कातडी एकाच पट्टीतली असण्याची असते. गव्हाळ बाईने गव्हाळ कुर्ता घातला की दोन्ही एकमेकांत विरून जातात. तीच बाई चिंचेच्या रंगात बघा. आणि चांगल्या सावळ्या बाईला जायफळाचा किंवा गुळाचा उजळ तपकिरी द्या, शेजारी थोडं सोनं असू द्या. ही आमची रोजची ओढाताण असते: येणारी आपल्या कातडीच्या जवळचा रंग उचलते आणि आम्ही दोन पायऱ्या वरचा किंवा खालचा पुढे करतो. आमच्याकडे छटांना नंबर नाहीत, नावं आहेत. गूळ, जायफळ, दालचिनी, चिंच, बिब्बा. बिब्बा म्हणजे जवळजवळ काळा. सासूबाईंनी 'तपकीर' असंही एक नाव सुचवलं होतं, तपकिरी शब्द तिथूनच आलाय म्हणून. पण तपकीर ओढणारे आता उरले कुठे?

जोड्यांचं म्हणाल तर तपकिरीबरोबर मोहरी आणि विटकरी सगळेच लावतात, त्यात चूक काही नाही. मला स्वतःला निळीचा गडद निळा जास्त आवडतो. नारिंगीच्या समोरचा रंग निळा, त्यामुळे दोन्ही एकमेकांना उठाव देतात. रोज जीन्स घालणाऱ्या मुलींना हे शिकवावं लागत नाही. मेंदीचा हिरवाही चालतो. डोक्यापासून पायापर्यंत एकच तपकिरी घालायचा असेल तर पोत तरी बदला: खरखरीत खादीचा कुर्ता, खाली मऊ सुती पँट, वर कोसा रेशमाची ओढणी. भंडाऱ्याकडचा कोसा रंगवावाही लागत नाही, तो धाग्यातच मधासारखा असतो. सगळं एकाच पोताचं घातलं की माणूस गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. हे मी गिऱ्हाइकाला याच शब्दांत सांगते आणि जाऊबाई काउंटरमागून डोळे वटारतात.

पायात कोल्हापुरी असली तर अर्धं काम झालेलंच असतं. तिचं कातडं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. आम्हीही कापडाला कातात घालण्याआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून घेतो. दोन्हीकडचा गुण त्यातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा. म्हणून ते रंग एकमेकांना ओळखतात असं मला वाटतं. जाऊबाई याला कवितेत काढतात.

टाळेबंदीत दुकान बंद पडलं. उरलेल्या चिंध्यांचे मास्क शिवले, आणि भाच्याने फोनवरून कपडे विकायला लावले. इथे तपकिरीने पुन्हा रडवलं. प्रत्येक फोनच्या पडद्यावर गूळ वेगळा दिसायचा आणि माल परत यायचा. "फोटोत लाल होता, आलाय शेणकट," असा एक निरोप मी जपून ठेवलाय. उपाय निघाला चहाच्या वेळी. आम्ही प्रत्येक फोटोत कापडावर एक मारी बिस्किट ठेवायला लागलो. बिस्किटाचा रंग घराघरात ठाऊक असतो, पडद्यावर तो लालसर दिसला तर बघणाऱ्याला आपोआप कळतं की कापडही तेवढंच लालसर दिसतंय. परत येणारा माल निम्म्याहून खाली आला. बिस्किटांचा खर्च जाऊबाईंनी वहीत वेगळा लिहिलाय.

डिसेंबर 2024 मध्ये पँटोनने मोका मूस हा 2025 चा रंग म्हणून जाहीर केला. या वेळी मात्र तो बोळात शिरला. मुली फोनवर चित्र दाखवत आल्या, "हे आहे का?" आमच्या जायफळाच्या अगदी जवळचं होतं. त्या सीझनला तीन महिन्यांचा माल पाच आठवड्यांत गेला. बारा वर्षं ज्या रंगासाठी डोकं फोडलं तो परदेशातल्या एका जाहीरनाम्याने विकला, याचं थोडं वाईट वाटलं. पैसे मोजताना नाही वाटलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. 2019 च्या उन्हाळ्यात धायरीच्या पुढे ज्या शेडमध्ये आम्ही रंगाई करतो तिथलं नळाचं पाणी आटलं आणि टँकर मागवावा लागला. साठ कुर्त्यांचं कापड, दीडशे मीटर. हिरडा झाला, तुरटी झाली, कापड कातात गेलं आणि बाहेर आलं ते करडं, धुरकट, पाऊस पडून गेलेल्या डांबरी रस्त्यासारखं. कुठल्यातरी बोअरच्या पाण्यात लोह होतं. टॅनिनला लोह लागलं की तपकिरी काळवंडतो, हे मला पातेल्यापासून ठाऊक होतं, पण पाणी तपासून घ्यायचं सुचलं नाही. मी रडले. मास्तरांनी ते कापड तरीही शिवलं आणि साडेचारशेला आम्ही ते काढून टाकलं. घेणाऱ्यांनी रोज दुचाकीवर, चिखलात वापरलं. चिखल उडाला तरी त्यावर कळायचा नाही.

त्यातला एक कुर्ता मी स्वतःला ठेवला होता. गेल्या महिन्यात तो घालून काउंटरवर बसले होते, तर एक बाई विचारू लागल्या, याच रंगात सहा हवेत, बहिणींसाठी. मी अठराशे सांगितले तरी त्या तयार. तेव्हापासून लोखंडाचं पाणी कमीजास्त करत नऊ नमुने काढलेत. एकही जमलेला नाही. जाऊबाई सहा वर्षांपूर्वीच्या वह्यांमधून टँकरवाल्याची पावती शोधतायत.