जॅक मॅकॉलवर दोनदा खटला का चालला?

माउंट रशमोर आटोपलं की आमची टूर डेडवुडला थांबते. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांमधलं हे गाव १८७६ मध्ये सोन्याच्या मागे लागलेल्यांनी वसवलं. टूर मॅनेजर म्हणून मला इथे विशेष कष्ट पडत नाहीत, कारण गोष्टच तशी आहे.

२ ऑगस्ट १८७६. 'नंबर टेन' नावाच्या गुत्त्यात बंदूकबाजीसाठी नावाजलेला वाइल्ड बिल हिकॉक पोकर खेळतोय. एरवी तो भिंतीला पाठ लावून बसायचा, पण त्या दिवशी चार्ली रिचने ती खुर्ची सोडली नाही. मागून जॅक मॅकॉल आला आणि त्याने डोक्यात गोळी घातली. गोळी गालातून बाहेर पडून समोरच्या कॅप्टन मॅसीच्या मनगटात घुसली. हिकॉकच्या हातात म्हणे इस्पिक-किलवरचे एक्के आणि अठ्ठ्या होत्या. ही पानं हिकॉकच्या नावाशी जोडून छापली गेली ती थेट १९२० च्या दशकात, पण आज गावातल्या प्रत्येक दुकानात ती टी-शर्टवर दिसतात.

उन्हाळ्यात हा खून आणि खटला नट मंडळी करून दाखवतात. खेळ बघून बाहेर आलो. ग्रुपमधले आप्पा, जन्मभर जिल्हा न्यायालयात नोकरी केलेले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही म्हणालात मॅकॉल निर्दोष सुटला. मग फाशी कशी झाली? एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही. आपल्या घटनेत कलम २० आहे, यांच्याकडे पाचवी दुरुस्ती आहे."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगते, डेडवुडमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

खुनाच्या दुसऱ्या दिवशी खाणवाल्यांनीच एका नाट्यगृहात कोर्ट भरवलं. हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं, असं मॅकॉलने सांगितलं आणि तो सुटला. पुढे वायोमिंगमध्ये बढाया मारताना पकडला गेला. डकोटा प्रांताच्या तेव्हाच्या राजधानीत, यँक्टनला, सरकारी कोर्टात खटला उभा राहिला. बचाव आप्पांचाच: एकदा सुटलोय. कोर्टाने तो फेटाळला, कारण डेडवुडचं कोर्ट मुळात कोर्टच नव्हतं. ते गावच बेकायदा होतं! अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने ब्लॅक हिल्स लाकोटांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, राखीव प्रदेशात होते आणि त्यांच्या संमतीशिवाय गोऱ्यांना तिथे वस्ती करता येत नव्हती.

"म्हणजे जमीन कुणाची, हे सरकारी कोर्टानेच मान्य केलं," आप्पा म्हणाले.

मॅकॉलला १ मार्च १८७७ ला फाशी दिलं. त्याच्या आदल्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, ब्लॅक हिल्स ताब्यात घेणारा कायदा मंजूर झाला होता. करारानुसार त्यासाठी लाकोटांच्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागत होत्या; मिळाल्या दहाएक टक्के, त्याही शिधा बंद करण्याची धमकी देऊन. या तारखा मी सांगितल्या तेव्हा आप्पांनी खिशातून डायरी काढली आणि फुटपाथवर उभ्या उभ्या लिहून घेतल्या.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी माझ्याकडून माईक मागून घेतला आणि सगळ्यांना हे मराठीत असं समजावलं की मागच्या सीटवरची मुलंही गप्प झाली. मग एका काकूंनी विचारलं, "पुढे काही भरपाई मिळाली का हो त्यांना?"

१९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती अजून उचललेली नाही. सरकारी खात्यात ती वाढत वाढत एक अब्जाच्या पुढे गेली आहे, आणि त्यांच्यातले कितीतरी लोक अतिशय गरिबीत दिवस काढतात.

"एवढा पैसा घेत का नाहीत?" काकू म्हणाल्या.

उत्तर आप्पांनी दिलं. "घेतला की विक्री झाली, ताई. त्यांना जमीन हवीय."