कुलूप लावलेली घरे

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, फाट्यावर जीप सोडल्यानंतर सव्वा तास पायी चढून गेल्यावर लागणाऱ्या एका वस्तीवर मी फेब्रुवारीत कौटुंबिक सर्वेक्षणासाठी गेले होते. निवडलेल्या वीस घरांची यादी टॅबमध्ये होती आणि त्यांतल्या अकरा घरांना कुलूप होते. काही कुलपांवर गंज चढू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधलेला होता. माणूस बाजाराला गेला तर कुलूप असे बांधत नाही. शेजारी विचारले की एकच उत्तर येई : कारखान्याला गेलेत, म्हणजे साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला.

बालाघाटाच्या या डोंगररांगेच्या माथ्यावर मुरमाड, उथळ जमीन आहे आणि पाऊस बेभरवशाचा आहे. खरिपाचे एक पीक घरात आले की शेतात फारसे काम उरत नाही. मांजरा आणि सिंदफणा या नद्या याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावतात, पण त्यांचे पाणी खाली वाहून जाते. 1972 च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, असे या भागातली जुनी माणसे सांगतात. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचे, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडाजवळ कोपी (झोपडी) घालून राहायचे आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत यायचे, असे या वस्तीचे वर्ष असते. तिथे मजुरी माणशी धरत नाहीत, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात.

घर बंद आढळल्यास यादीतले पुढचे बदली घर घ्यावे, अशी आम्हाला सूचना होती. नियम म्हणून त्यात गैर काही नाही, कारण एखाद-दुसरे घर कुठेही बंद असते. पण इथे बंद असलेली अकराही घरे एकाच कारणाने बंद होती, आणि उघडी असलेली घरे तीच, ज्यांच्याकडे विहीर होती, दुकान होते, नोकरी होती किंवा ज्यांच्यात तोडणीला जाण्याइतके बळ उरले नव्हते. बदली घरे घेऊन मी वीसचा आकडा पूर्ण केला असता, तर वस्ती प्रत्यक्षापेक्षा अधिक म्हातारी, अधिक बागायती आणि कमी कर्जबाजारी दिसली असती. मी वरिष्ठांना फोन करण्यासाठी मारुतीच्या पारापर्यंत गेले, कारण रेंज तिथेच मिळत होती. काम वेळेत संपवा, एवढेच उत्तर मिळाले. मला ते आजही चुकीचे वाटते.

उघड्या घरांपैकी एका घरी आजी आणि पाच नातवंडे होती. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एकाच चुलीवर जेवणारी माणसे, म्हणून मी नेहमीप्रमाणे विचारले, ‘‘आजी, घरात चुली किती?’’ त्यांनी ओसरीकडे बोट दाखवले. मातीच्या तीन चुली होत्या. एकीवर भाकरीचा तवा तापत होता आणि उरलेल्या दोन्हींवर लोखंडी पाट्या पालथ्या घातल्या होत्या, कोंबड्यांनी माती उकरू नये म्हणून. ‘‘आत्ता एकच हाय बाई. पट्टा पडला की तीन व्हतील,’’ त्या म्हणाल्या. दोन्ही मुलगे वेगळे राहतात आणि वेगळे खातात, पण ते गेले की दोघांची लेकरे आजीच्या चुलीवर जेवतात. फेब्रुवारीत तिथे सहा माणसांचे एक कुटुंब होते आणि मे महिन्यात तीन कुटुंबे. माझ्या प्रश्नावलीत चुलीसाठी चौकट एकच होती.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या पद्धतीत सहा महिने किंवा अधिक काळ बाहेर असलेला माणूस घरचा सदस्य धरत नाहीत. ऊसतोडीचा हंगाम कधी पाच महिन्यांचा असतो, कधी सहाच्या जवळ जातो. म्हणजे तीच सून एका वर्षी घरची ठरेल आणि दुसऱ्या वर्षी ठरणार नाही. 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्येची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली आणि 2027 ची मोजणीही फेब्रुवारीतच व्हायची आहे. त्या सगळ्या काळात जो घरी नसेल त्याची नोंद तो सापडेल तिथे व्हायला हवी, परंतु अंधारात फडात जाणारा आणि फड संपला की तळ हलवणारा माणूस प्रगणकाला गाठायचा असेल, तर त्यासाठी वेगळी तयारी लागते. गावोगावचे मुकादम आणि आशाताई कोण कुठल्या कारखान्याला गेले आहे हे तोंडपाठ सांगू शकतात. मी त्या दिवशी आशाताईंजवळ बसून अकराही घरांची तशी यादी केली, आणि तिला अर्धा तासही लागला नाही.

एप्रिलच्या अखेरीस मी सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने पुन्हा त्या वस्तीवर गेले. अकरांपैकी नऊ घरे उघडी होती. आजींच्या ओसरीवरच्या पाट्या निघाल्या होत्या आणि थोरली सून चुलीला पांढऱ्या मातीचा हात देत होती. तिने हात न धुता, तशीच बसून उत्तरे दिली. घेतलेली उचल फिटली का, या प्रश्नावर ती थांबली, सासूकडे पाहिले आणि मग बाकी राहिलेला आकडा सांगितला. फेब्रुवारीत हाच प्रश्न मी आजींना विचारला होता, तेव्हा त्यांनी माहीत नाही असे सांगितले होते. आता प्रत्येक फॉर्मच्या समासात मी दोन तारखा लिहून घेते, घर बंद केल्याची आणि उघडल्याची. त्यासाठी अजून चौकट नाही.