दोन चिठ्ठ्या काढा, लहान आकडा ठेवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी संख्याशास्त्र शिकवतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच: "खेड्यांतल्या खर्चाचा गिनी गुणांक ०.२३७ वर आला म्हणतात. म्हणजे नेमकं काय? रुपयांत सांगा ना."

गिनी गुणांक म्हणजे विषमतेचं माप: ० म्हणजे सगळ्यांकडे सारखं, १ म्हणजे सगळं एकाकडेच. ते रुपयांतही सांगता येतं. पाच घरांचं महिन्याचं उत्पन्न चढत्या क्रमाने घेऊ: ८, १०, १२, २० आणि ५० हजार. सरासरी २० हजार. आता पाच चिठ्ठ्या करा. एक काढा, आकडा लिहून परत टाका, पुन्हा एक काढा. दोन्हींतला लहान आकडा ठेवायचा. अशा २५ जोड्या होतात. त्यांत ८ हजार हाती उरतात ९ वेळा, १० हजार ७ वेळा, १२ हजार ५ वेळा, २० हजार ३ वेळा आणि ५० हजार एकदाच, दोन्ही वेळा तीच चिठ्ठी निघाली तर. या सगळ्यांची सरासरी १२,४८० रुपये. २० हजारांपेक्षा ती ३७.६ टक्क्यांनी कमी, आणि या पाच घरांचा गिनी बरोब्बर ०.३७६. सरासरीला १ वजा गिनीने गुणून येणारा हाच आकडा अमर्त्य सेन यांनी कल्याणाचं माप म्हणून मांडला.

९, ७, ५, ३, १. या आकड्यांवर माझा फार जीव आहे. घराचं वजन इथे त्याच्या पैशावर ठरत नाही, रांगेतल्या जागेवर ठरतं, आणि सगळ्यांत मागे राहिलेल्याचं वजन सगळ्यांत जास्त. समजा कुठल्याही एका घराचं उत्पन्न १० हजारांनी वाढलं. वरच्या घराचं वाढलं तरी सरासरी २२ हजार, तळच्याचं वाढलं तरी २२ हजारच. लहान आकड्यांची सरासरी मात्र पहिल्या वेळी १२,८८० आणि दुसऱ्या वेळी १४,९६०.

आता तुमचा ०.२३७. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारतातला माणशी मासिक खर्च होता ४,१२२ रुपये. गावाकडची कुठलीही दोन माणसं घेतली, तर त्यांतल्या कमी खर्च करणाऱ्याचा सरासरी खर्च साधारण ३,१४५ रुपये. हा खर्च आहे, उत्पन्न नाही. वरच्या घरांची बचत यात धरलेलीच नाही, त्यामुळे विषमता आहे त्यापेक्षा कमी दिसते.

पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली लोकांना असंच खर्चाच्या क्रमाने लावून पाहिलं. सरासरी वाढत असताना शहरांतल्या तळच्या लोकांची स्थिती खालावल्याचं त्यातून पुढे आलं.

दोनाऐवजी तीन चिठ्ठ्या काढल्या, तर तळच्या घराचं वजन २५ पैकी ९ वरून वाढून एकूण वजनाच्या जवळजवळ निम्म्यावर जातं. किती काढायच्या हे गणित सांगत नाही, ते आपणच ठरवायचं. मला विचाराल तर तीन. ८ हजारांत महिना काढणाऱ्या घरात पहिली कात्री दुधाला लागते, मग औषधाला.