तुम्ही विचारलंत म्हणून: सायकेडेलिक (भान आणि जाणिवा बदलणाऱ्या द्रव्यांच्या) संशोधनात करिअर होतं का?

लेक्चर संपल्यावर एखादी विद्यार्थिनी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "मॅडम, एलएसडी, मॅजिक मशरूम यांच्या उपचारांवर काम करायचंय. त्यात करिअर होतं का?"

होतं. पण कसं होतं, ते कळावं म्हणून मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बिल रिचर्ड्स यांचं नाव सांगते. 1963 साली जर्मनीत शिकत असताना गॉटिंगेनच्या एका संशोधनात त्यांनी स्वतः सिलोसायबिन, म्हणजे मॅजिक मशरूममधलं द्रव्य, घेतलं. पुढे बाल्टिमोरजवळच्या स्प्रिंग ग्रोव्ह या मनोरुग्णालयात दारूचे व्यसनी आणि कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण यांच्यावरच्या सायकेडेलिक उपचारांच्या अभ्यासात ते संशोधक म्हणून होते. 1977 मध्ये ते सगळं थांबलं. पुन्हा सुरू झालं थेट 1999 मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, संशोधक रोलंड ग्रिफिथ्स यांच्यासोबत. मधली 22 वर्षं ना परवानगी, ना पैसा. रिचर्ड्स थेरपिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत राहिले. मला त्यांच्या करिअरमधली हीच वर्षं मोलाची वाटतात.

कारण कॅप्सूल द्यायला मिनिटही लागत नाही. खरं काम त्याच्या आधीचं. रुग्णाशी तासन् तास बोलायचं, त्याचं आयुष्य समजून घ्यायचं. स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) झालेला असेल, तर त्याला अभ्यासात घ्यायचंच नाही. मग तो दिवस. सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन, आणि शेजारी दोन जण सहा-आठ तास बसलेले. रुग्ण घाबरला, रडला, तर हात धरायचा. त्याला काय दिसतंय, त्याचा अर्थ आपण लावायचा नाही. हे शेवटचं फार अवघड आहे. आम्हा मानसशास्त्रज्ञांना बोलायची केवढी सवय!

2016 मध्ये हॉपकिन्सने कॅन्सरच्या 51 रुग्णांवरचा सिलोसायबिनचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतरही सुमारे 80 टक्के रुग्णांचं नैराश्य आणि चिंता लक्षणीय कमी होती. मला हा आकडा फार आशादायक वाटतो. तरी 51 म्हणजे थोडेच, आणि इतकं तीव्र औषध मिळालं की नाही हे रुग्णाला बहुधा कळतंच, त्यामुळे नुसत्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं अवघड, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे ही द्रव्यं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येतात. त्यामुळे गोव्यातल्या पार्टीत "स्वतः अनुभवून बघते" असलं काही मनात असेल, तर ते काढून टाका. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना काही रुग्णांसाठी सिलोसायबिन लिहून देता येतं, त्यामुळे बाहेर वाट उघडते आहे. तोवर क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण पुरं करा, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घ्या, संख्याशास्त्र टाळू नका. आणि इंटर्नशिपला पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा) वॉर्ड मागून घ्या.