वाऱ्यानं वाढलेलं पाणी

सकाळी सहाच्या वाचनाला उजनी धरणाच्या भिंतीवरची पाणीपट्टी वाचणाऱ्या मामांचा फोन आला. "साहेब, तीननं वाढलंय."

मे महिना. वरच्या अंगाला दौंडला नदी जवळजवळ कोरडी, कालव्याचं आवर्तन चालू, आणि उजनीची पातळी तीन सेंटिमीटरनं वर? पहिला संशय मामांवरच घेतला. पट्टीला जलपर्णी अडकली असेल, लाटेचा माथा वाचला असेल. मामा चिडले. "वरची लाट धरली, खालची धरली, मधला आकडा सांगितला. तुम्ही येऊन बघा."

गेलो. मामा बरोबर होते.

बाहेरच्यांना तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं वाटतात. उजनीत उपयुक्त साठा 491.03 मीटरला सुरू होतो, टक्क्याचा शून्य तिथला, आणि 496.83 ला धरण भरतं. या 5.80 मीटरात 53.57 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी बसतं. म्हणजे सरासरीनं एका सेंटिमीटरमागे 0.09 टीएमसी, तळाकडं फैलाव आकसतो म्हणून थोडं कमी. 11,574 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. या हिशेबानं चोवीस तासांत दोन-तीन हजार क्युसेकची नदी कुठून तरी येऊन मिळाली होती, आणि ती कुणालाच दिसली नव्हती. बरं, शून्याखालीही 63.66 टीएमसीचा मृतसाठा असतोच, पण टक्का उणे गेला की धरण आटलं अशी बोंब होते आणि पळसनाथाच्या जुन्या देवळापाशी कॅमेरे उभे राहतात. टक्क्याचं हे वेड आम्हीच लावलंय म्हणा. रोज सकाळी आकडा पाठवणारे आम्हीच.

वाचन होतं तसं भरलं. मोजलेलं सोडून मनातला आकडा लिहायचा नाही, एवढं पथ्य मी पाळतो. तासाभरात आकडा सगळीकडं फिरला: उजनीत पाणी वाढलं.

नऊच्या सुमारास पळसदेवच्या वरच्या अंगाच्या एका ऊसवाल्या काकांचा फोन. पाणी मागं सरकलं की हे लोक त्याच्या मागं चाऱ्या खोदत जातात. मोटार उचलायची, पाइप जोडायचे, केबल लांबवायची. दर खेपेला मजुरी वेगळी. "साहेब, आज मोटार खाली न्यायची होती. वाढलंय म्हणतात, मग थांबू का?"

मी म्हणालो, "आकडा तर वाढलाय, काका. एक दिवस थांबा."

दुपारी टेबलावर चहाची बशी कलली आणि डोक्यात उजेड पडला. रात्रभर पश्चिमेचा वारा सुटला होता. जलाशय भिगवणकडून भिंतीपर्यंत लांबच लांब पसरलेला. वाऱ्यानं पाणी भिंतीकडं रेटलं होतं. आमच्या पट्टीवर चढलं, म्हणजे वरच्या टोकाला तेवढं उतरलं असणार. पाणी वाढलंच नव्हतं, नुसतं कललं होतं. आणि ज्या टोकाला ते उतरलं, तिथल्याच माणसाला मी थांबायला सांगितलं होतं.

लगेच फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी त्यांचाच आला. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, उघडा पडून मोटारीनं हवा धरली होती. जळली नाही, पण पाळी हुकली. "तुमच्याकडं वाढलं, मग आमचं कुठं गेलं हो?" आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मी वाऱ्याचं सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "वारं तर आम्हाला रात्रीच कळलं होतं."

दुसऱ्या दिवशी वारा पडला. पातळी चार सेंटिमीटरनं खाली. मग वरून विचारणा: एका दिवसात एवढं पाणी कुणाला सोडलं? मी रकान्याखाली "वाऱ्याचा परिणाम" असं लिहून पाठवलं. साहेबांनी हसून ते खोडायला लावलं, अहवालात वाऱ्याला रकाना नाही म्हणून.

आता मामा फोनवर आधी वाऱ्याची दिशा सांगतात, मग पातळी. मी ती पेन्सिलीनं कडेला लिहून ठेवतो.