वाळ्याचा थेंब

फोंड्याजवळ एका कुळागरात आमची तेल काढायची छोटी भट्टी आहे. गवती चहाचं तेल नेहमीचं, दोन-तीन तासांत आटोपतं. त्या मे महिन्यात मात्र पहिल्यांदाच भट्टीला वाळा लावला. मुंबईच्या एका अत्तरवाल्याला नमुना हवा होता. बांधाची माती धरून ठेवायला लावलेल्या वाळ्याची वीस किलो सुकी मुळं कापून, रात्रभर भिजवून भांड्यात भरली.

जाळ सांभाळायला आबा. त्यांचा जन्म काजूच्या भाटीवर गेलेला. फेणीला थंडावा द्यावा तेवढा थोडा, हे त्यांचं गणित, आणि रसायनशास्त्र शिकलेल्या मलाही ते पटलं. वाफ थंड करणाऱ्या नळीच्या टाकीत पंपाने विहिरीचं गार पाणी सोडत राहिलो.

बारा तास झाले तरी काचेच्या भांड्यात नुसतं दुधी पाणी. वास मात्र असा, की ओल्या मातीत कुणी कच्चे बटाटे किसलेत. गवती चहाचं तेल कसं झटकन वर तरंगतं. इथे धड तवंगही नाही. मी वैतागून ते पाणी ओतायला उठले, तर आबा ओरडले, "उदक उडय नाका गो बाय!" कारण काही नाही. भाटीवरचा माणूस ओतून कशाला देईल?

रात्री दोनला गडगडाट झाला आणि वीज गेली. (गोव्यात याचं नवल नाही.) पंप बंद, खाली लाकडं धडधडतायत. टाकीतलं पाणी तापलं, नळीतून येणारंही कोमट झालं. जाळ ओढा म्हणणार, तोच टॉर्चच्या उजेडात दिसलं: नळीच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा थेंब लोंबत होता. सुटता सुटेना. सुटला तो तरंगलाही नाही, अर्ध्या पाण्यात लटकत राहिला.

तेव्हा उमगलं. वाळ्याचं तेल घट्ट. गार नळीत आतल्या आत चिकटून बसलं होतं. शिवाय वजनाला जवळजवळ पाण्याइतकंच, त्यामुळे जे थोडं उतरलं ते वर न येता पाण्यातच दुधाळ होऊन राहिलं. वीज आल्यावर पंपाची धार बारीक ठेवली, दुधी पाणी पुन्हा भांड्यात घातलं. दुसऱ्या दुपारपर्यंत सव्वाशे मिली तेल निघालं.

"बटाट्याचा वास येतोय," मी अत्तरवाल्याला ओशाळून फोनवर सांगितलं. तो हसला. "ताजं आहे. झाकून ठेवा, दिवाळीनंतर पाठवा."

आबांच्या सदऱ्यावर एक थेंब उडाला होता. तीन धुण्यांनंतरही घरी त्यांना विचारणा होत होती, माठ कुठे फोडलात म्हणून.