काट्यावरचा कॉम्प्युटर

गेल्या ऑक्टोबरात अमळनेरातल्या माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचा एकच प्रश्न होता: "१४ तारखेला कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे?" कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी तसं फिरवलं होतं. माझं उत्तर ठरलेलं. बंद काही पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळायचे थांबणार, एवढंच. पंधरा तारखेला बटण दाबलं तर मशीन रोजच्यासारखंच चालू होईल. यावर लोकांचे चेहरे जरा उतरायचे. बंद पडणार असतं तर नवीन घ्यायला घरात कारण मिळालं असतं.

घरगुती गिऱ्हाइकांचा निकाल मी काउंटरवर उभ्या-उभ्या लावत होतो. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवायची तयारी असेल तर आणखी एक वर्षाचे अपडेट फुकट, नाहीतर ३० डॉलर. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. काम पाच मिनिटांचं, पण खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. तो पुण्याच्या भाच्याने कधीतरी टाकलेला असतो आणि ओटीपी त्याच्या बंद झालेल्या नंबरवर जातो.

दुसरा वैताग प्रोसेसरच्या स्टिकरचा. "माझा आय फाइव्ह आहे, त्याला काय धाड भरलीय?" आय फाइव्ह असला तरी तिसऱ्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि पुढचं लागतं. म्हणजे २०१८ च्या आसपासचा साधा आय थ्री पास होतो आणि २०१३ चा तोऱ्यातला आय फाइव्ह नापास. टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपचंही तसंच. लोक ऑनलाइन चिप मागवून बसले होते. बहुतेक बऱ्यापैकी नव्या बोर्डांत ती सोय आतच असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली. इंटेलवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. ती चालू करायची, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्यायची, सिक्युअर बूट लावायचं. झालं.

हे सगळं रोजचं. लिहायला बसलो ते एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, कामासाठी. जिनिंग धरणगावच्या बाजूची, नाव-गाव राहू द्या.

बाहेरच्यांना जिनिंगबद्दल एक गोष्ट कळत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची आवक सुरू झाली की मार्चपर्यंत तिथल्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा नसतो. गाडी दोनदा वजनकाट्यावर चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे शेतकऱ्याचा पैसा. त्या काट्याचा सगळ्यात लहान आकडा १० किलोचा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे स्क्रीनवरचा एक टप्पा इकडचा तिकडे झाला तर ८११ रुपये. तो आकडा वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून नऊ पिनांच्या सिरियल केबलने कॉम्प्युटरमध्ये येतो, सॉफ्टवेअर तो पकडतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तीन प्रतींत पावती फाडतं. हा कॉम्प्युटर थांबला की गेटबाहेर ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती टेम्पोंची रांग हायवेपर्यंत जाते.

शेठचा फोन आला तेव्हा आवक नुकतीच सुरू झाली होती. गेलो तर ऑफिसात तीन पक्ष बसलेले. शेठ. त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे शेठ, पुण्याहून एमबीए करून आलेले. आणि खुर्चीच्या कडेला टेकलेले मुनीमजी, ज्यांना सगळे नाना म्हणतात. चौथा पक्ष हजर नव्हता, पण त्याचा दर टेबलावर होता. गावातला एक पोरगा मशीनमागे ५०० रुपयांत सगळीकडे विंडोज ११ टाकून देणार होता.

धाकट्या शेठचं म्हणणं सरळ होतं. सगळीकडे एकच सिस्टिम हवी, तीही नवी. शेठ त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. मला व्हरांड्यात आणून हळूच म्हणाले, "भाऊ, मना काटा बंद पडना ते गाड्या कोठे उभ्या करू?"

त्या ५०० रुपयांच्या कामाबद्दल. पेनड्राइव्हवर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा इन्स्टॉलर बनवताना टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी वगळता येते. मीही करतो. कॉलेजच्या पोराचं सातव्या पिढीचं मशीन असेल तर करून देतो आणि तोंडावर सांगतो, की हे कंपनीच्या नियमाबाहेरचं आहे, पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, दरवर्षीचा मोठा अपडेट आला की पुन्हा माझ्याकडे यावं लागेल. पण ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन, जीएसटी आणि डिजिटल सहीचं टोकन आहे, तिथे मी हे करत नाही. काही बिनसलं तर मशीन चालेना म्हणून ई-वे बिल अडतं आणि गाठींचा ट्रक गेटवर उभा राहतो. तेव्हा त्या ५०० रुपयेवाल्या पोराचा फोन स्विच ऑफ असतो. पोरगा हुशार आहे, त्यात वाद नाही. फक्त त्याला अजून कुणी रात्री अकराला फोन करून शिव्या घातलेल्या नाहीत.

आधी काट्याची केबिन पाहिली. कॅबिनेटची बाजू उघडली तर आत पंखा दिसेना. प्रोसेसरच्या पंख्याच्या प्रत्येक पात्याला कापसाचे तंतू गुंडाळून घट्ट वळ बसला होता, मधे सरकीची टरफलं, आणि सगळ्यावर प्रिंटरच्या शाईसारखी काळपट धूळ. पंखा फिरत होता, हेच आश्चर्य. रंगाच्या ब्रशने सुटं केलं, चिमट्याने ओढून काढलं आणि मग ब्लोअर मारला. उलट क्रमाने करायचं नसतं. आधी ब्लोअर मारला तर तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांत जाऊन बसतात आणि मग सगळं खोलावं लागतं. बोर्डावरचा शिक्क्याएवढा सेल मोजला, २.६ व्होल्ट. तीनचा असायला हवा. तोही बदलला. का, ते पुढे येईल.

या मशीनवर विंडोज १० आहे, पण ३२ बिटचं. ते मीच टाकलं होतं. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ ची मुदत संपली तेव्हा सगळे ६४ बिट टाकत होते आणि धंद्यातल्या दोस्तांनी मला विचारलंही होतं, की आता ३२ बिट कोण टाकतं? कारण यूएसबीला लटकलेली ती हिरवी डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली. काट्याचं सॉफ्टवेअर तिच्याशिवाय चालत नाही आणि तिला विंडोजशी जोडणारा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम बरेचसे चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर अजिबात चढत नाही. आणि विंडोज ११ मुळात ६४ बिटातच येतं. म्हणजे प्रश्न मशीन जुनं की नवं हा नव्हताच. उद्या लाख रुपयांचं मशीन आणून ठेवलं तरी काटा बोलणार नाही.

हे तोंडी सांगून कुणाला पटलं नसतं, म्हणून काट्यावर गाडी नसताना डोंगल काढली आणि धाकट्या शेठच्याच लॅपटॉपला लावली. त्यावर विंडोज ११ होतंच. सॉफ्टवेअर विनातक्रार इन्स्टॉल झालं. ते खुश. ड्रायव्हरचा सेटअप चालवला, नकार. सॉफ्टवेअर उघडलं, तर करड्या चौकोनात 'की नॉट फाउंड'. दुसरं पोर्ट, तेच. ॲडमिन करून चालवलं, तेच. तेवढ्यात बाहेर एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि खिडकीतून हाक आली, "काय व्हयनं भो, काटा बंद शे का?" नानांनी काही न बोलता लॅपटॉपची डोंगल उपटली, केबिनच्या मशीनला लावली आणि पावती फाडली. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचं काम नानांनी त्या मिनिटभरात केलं.

धाकट्या शेठनी लगेच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. पावतीच्या खाली छापलेला नंबर अस्तित्वात नाही. दुसरा नंबर कुणा भलत्याच बाईंना लागला. ते सॉफ्टवेअर विकणारा माणूस धंदा सोडून गेला आहे, हे मला २०२० मध्येच कळलं होतं आणि तेव्हाच मी शेठना म्हटलं होतं, की ही डोंगल तिजोरीत ठेवण्याच्या लायकीची आहे. मोटर जळाली तर दुपारपर्यंत जळगावहून दुसरी येते. तीन बोटांएवढा तो हिरवा तुकडा कुठल्या साहेबाच्या चपलेखाली आला, तर भर सीझनमध्ये काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आणि चर्चा मात्र चालली होती १४ तारखेची.

मग निकाल असा लावला. काट्याचं मशीन आहे तसं ठेवायचं, पण नेटची वायर तोडायची. त्याला बाहेर जायचं कारणच नाही, नाना वजनं पावतीवरूनच टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेतात. म्हणूनच तो सेल बदलला. नेट नसलं की तारीख आपोआप जुळत नाही, आणि सेल मेलेला असेल तर एकदा वीज गेली की पावतीवर मशीन बनलं त्या वर्षीची तारीख छापली जाते. तशी पावती घेऊन शेतकरी पेमेंटला गेला की काय होतं, ते एका डाळ मिलमध्ये पाहिलंय. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत एका एसएसडीवर काढून शेठच्या कपाटात ठेवली. समोरचे यूएसबी पोर्ट बायोसमधून बंद केले, कारण हमाल, ड्रायव्हर, सगळे तिथे मोबाइल चार्जिंगला लावतात.

नानांचं मशीन सातव्या पिढीचं, एसएसडी टाकलेलं, पळणारं. ते बदला म्हणताना माझ्याच जिवावर आलं. ते फुकटचं वाढीव वर्ष घरगुती वापरासाठी आहे. धंद्याला वेगळा दर, मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. शेठनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि नवीन घ्या म्हणाले. मुहूर्त मात्र नानांनी ठरवला. धनत्रयोदशीला आणायचं, लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी ठेवून कुंकू लावायचं, मगच टॅली. तोवर जुनं चालू. कुंकू की-बोर्डवर सांडू नका, एवढंच मी म्हटलं.

धाकटे शेठ नाराज होते. त्यांचं चूक होतं असंही मला वाटत नाही. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाची कंपनी म्हणून विप्रो सुरू झाली, तिथून तासाभराच्या आतल्या जिनिंगमध्ये २०२५ साली मी नेटची वायर कापून तिला सुरक्षा म्हणतो, हे ऐकायला चांगलं नाहीच. जाताना ते म्हणाले, "म्हणजे आपण फक्त पुढे ढकललं." हो. सीझनमध्ये पुढे ढकलणं हाच माझा सल्ला असतो.

पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून एप्रिलसाठी मी काट्याच्या नव्या सॉफ्टवेअरची चौकशी करून ठेवली. इंडिकेटर तोच राहतो, काटे तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांच्या सीलला धक्का लागत नाही, फक्त सिरियल केबलच्या या टोकाचं सगळं बदलतं. नव्या मशीनला सहसा सिरियल पोर्ट नसतं, तर चांगल्या चिपचा कन्व्हर्टर घ्यायचा. स्वस्तातले जुन्या चिपचे विंडोज ११ वर हटकून रुसतात. एका विक्रेत्याचा दर बरा वाटला. विचारलं, डोंगल आहे का? "नाही साहेब, आता डोंगल कोण देतं? ऑनलाइन लायसन्स. फक्त दर पंधरा दिवसांनी मशीन नेटला जोडावं लागतं."

हे अजून शेठना सांगितलेलं नाही. धाकट्या शेठना सांगितलं, तर ते हसत सुटले. दुसऱ्या दोन विक्रेत्यांना विचारलंय. एक म्हणतो बिनलायसन्सचं देतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही हे नक्की. दुसऱ्याने अजून फोन उचललेला नाही.